घरी वाजणारा बेस स्टेजवर हरवतो कुठे?

*ताई, मी तीन वर्षं बेस गिटार वाजवतोय. घरी 25 वॉटचा, 8 इंची स्पीकरचा छोटा प्रॅक्टिस ॲम्प आहे. त्यावर माझा बेस इतका भरदार वाजतो की तासन् तास वाजवत बसावंसं वाटतं. पहिल्या गिगला, म्हणजे बँडच्या कार्यक्रमाला, तोच नेला. ड्रमरने पहिला ठोका दिला आणि मला मीच ऐकू येईना. नॉब वाढवला तर आवाज फाटायला लागला. दुसऱ्या गिगला मित्राचं मोठं हेड (स्पीकरशिवायचा ॲम्प) आणि चार स्पीकरचं कॅब (स्पीकरचा खोका) उसनं आणलं, घरचीच सेटिंग लावली. तर सगळं नुसतं घुमत होतं. साउंडवाल्या दादांनी दोनदा आवाज कमी करायला लावला. पायांना थरथर जाणवत होती, पण सूर कोणता वाजतोय ते कळत नव्हतं. एक मित्र म्हणतो 500 वॉटशिवाय पर्याय नाही. दुसरा म्हणतो ॲम्पच नको, सरळ डीआय दे, म्हणजे बेस थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये लाव. तिसरा म्हणतो खर्जाची लाट लांब असते, आठ मीटर मागे जाऊन उभा राहा. महिन्याभरात तिसरा गिग आहे. मला आता माझ्या बोटांवरच शंका यायला लागली आहे. घरचा ॲम्प विकून टाकू का?*

प्रिय मित्रा,

आधी ती बोटांवरची शंका मनातून काढ. त्या दोन्ही गिगांत तुझी बोटं काय करत होती हे तुला ऐकूच आलं नाही, मग त्यांच्यावर आळ कसला घेतोस? स्वतःचा सूर ऐकू येत नसेल तर चांगलं वाजवणं कुणालाच जमत नाही. मी सतरा वर्षं बेस वाजवते आहे. सुरुवातीची दोन वर्षं मलाही हेच वाटायचं, की घरी येतं ते स्टेजवर येत नाही म्हणजे माझाच हात कच्चा. त्या दोन वर्षांत मला कुणी हे सगळं नीट सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं आजही वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

तू लिहिलेल्यात एक गोष्ट फार मोलाची आहे. पहिल्या गिगला ॲम्प कमी पडला आणि तू ऐकू आला नाहीस, हे समजण्यासारखं आहे. पण दुसऱ्या गिगला ॲम्प भरपूर होता, आणि तरीही तू ऐकू आला नाहीस. म्हणजे दुखणं नुसत्या वॉटचं नाही. तू स्वतःच लिहिलं आहेस, ‘घरचीच सेटिंग लावली’. गाठ तिथेच आहे.

आपला कान खर्जाच्या बाबतीत मंद असतो, आणि आवाज जितका हळू तितका तो आणखी मंद होतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं होतं. घरी आपण हळू आवाजात वाजवतो, तेव्हा खर्ज कानाला कमी भासतो. मग हात आपोआप बेसच्या नॉबकडे जातो आणि तो घड्याळातल्या दोन-तीनच्या काट्यावर नेऊन ठेवतो. मिडचा, म्हणजे मधल्या पट्ट्याचा, नॉब मात्र आपण खाली आणतो, कारण एकट्याने वाजवताना मिड नाकात बोलल्यासारखा वाटतो. थोडी ट्रेबल, म्हणजे वरचा पट्टा, वाढवली की आवाज कसा गुबगुबीत आणि चकचकीत होतो. तुला तासन् तास बसवणारा आवाज हाच असणार, मला खात्री आहे. माझाही हाच होता.

आता हीच सेटिंग चार स्पीकरच्या कॅबवर, ड्रमच्या बरोबरीच्या आवाजात लाव. आवाज मोठा झाला की कानाचा खर्जातला मंदपणा बराच कमी होतो. म्हणजे घरी ज्या उणिवेसाठी तू खर्ज वाढवला होतास ती उणीव तिथे उरलीच नाही, वाढवलेला खर्ज मात्र पुरेपूर आला. त्यात स्टेजची पोकळ फळी आणि मागची भिंत आपापली भर घालतात. आणि मिड, जो गिटार, स्नेअर आणि गाणाऱ्याच्या गर्दीतून वाट काढून तुझ्या कानापर्यंत आला असता, तो तू घरूनच कापून आणला होतास. मग घुमणं उरतं आणि सूर जातो. तू लिहिलं आहेस अगदी तसंच.

इथे एक गंमतीची गोष्ट सांगते, तिने माझं सगळं डोकंच बदलून टाकलं होतं. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची ई तार मोकळी वाजवली तर तिचा मूळ स्वर साधारण 41 हर्ट्झचा असतो. बहुतेक कॅब 41 हर्ट्झला फारच अशक्त असतात. तुझ्या 8 इंची स्पीकरमधून तर तो जवळजवळ निघतच नाही. तरी तुला ई ऐकू येतो. का? कारण त्याच तारेतून 82, 124, 165 हर्ट्झ असे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर, निघत असतात, आणि त्यांच्या अंतरावरून मेंदू मूळ स्वर ओळखतो. म्हणजे बेसचा सूर ‘कळणं’ हे बरंचसं वरच्या भागावर अवलंबून असतं. खर्ज त्याला अंग देतो, वजन देतो. कोणता सूर वाजतोय आणि तो कधी सुरू झाला, हे सांगतो मिड.

म्हणून तिसऱ्या गिगला सगळे नॉब आधी मध्यावर ठेव, बाराच्या काट्यावर. तिथून बेसचा नॉब किंचित खाली घे. मिड वाढव, विशेषतः 400 ते 800 हर्ट्झचा पट्टा. ॲम्पवर मिडची जागा बदलणारा नॉब असेल तर तो 500च्या आसपास लावून सुरुवात कर. आवाज गढूळ वाटला तर 200 ते 250च्या आसपास थोडं काप. ट्रेबलला हात लावायची घाई नको. आणि हे सगळं बँड वाजत असताना कर. साउंड चेकला एकट्याने वाजवून जो आवाज सुंदर वाटतो तो बँडमध्ये बुडतो, आणि जो बँडमध्ये नीट बसतो तो एकट्याने ऐकला तर थोडा रुक्ष, थोडा नाकातला वाटतो. त्या रुक्षपणाला घाबरू नकोस. समोर बसलेल्याला तो रुक्ष ऐकू येत नाही, त्याला फक्त बेस ऐकू येतो.

आता दुसरी अर्धी गोष्ट, स्पीकर कुठे आहे ती.

काही महिन्यांपूर्वी एका तरुण बेसवाल्याची हीच तक्रार होती. साउंड चेक चालू होता, त्याचं कॅब जमिनीवर होतं आणि तो त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. सारखा मागे वळून व्हॉल्यूम वाढवत होता. मी त्याला म्हटलं, वाजवता वाजवता खाली उकिडवा बस, कान स्पीकरसमोर आण. तो बसला. पहिला फ्रेट, तिसरा फ्रेट, मग त्याने हात एकदम थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. इतका वेळ तो ज्या आवाजासाठी धडपडत होता तो सगळा त्याच्या पोटऱ्यांवर आदळत होता. आम्ही ते कॅब उचलून एका भक्कम पेटीवर ठेवलं, वरचा स्पीकर त्याच्या छातीच्या उंचीला आला, आणि त्याने व्हॉल्यूम स्वतःहून खाली आणला. त्या एका पेटीने जे केलं ते नवीन हेडने केलं नसतं.

याचं कारण साधं आहे. खर्ज स्पीकरमधून चहूकडे पसरतो, मागेही जातो. पण जसजसं वर जावं तसतसा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ पुढे जातो. कॅब गुडघ्याखाली असलं की मिडचा झोत तुझ्या पायांना लागतो आणि कानाला मिळतो तो फक्त पसरलेला खर्ज. तू मग आवाज वाढवतोस, खर्ज आणखी वाढतो, साउंडवाले दादा वैतागतात. त्यांचं चुकत नाही, कारण तुझ्या कॅबच्या मागून आणि बाजूने गेलेला खर्ज सभागृहात पोचतो आणि त्यांच्या हातातल्या कुठल्याही फेडरने तो कमी होत नाही.

तेव्हा ॲम्प खुर्चीवर ठेव, पेटीवर ठेव, मागे तिरपा कर, काहीही कर, पण स्पीकरचं तोंड कानाकडे वळव. कोपऱ्यात ठेवू नकोस, कोपरा खर्ज फुगवतो. स्टेज पोकळ असेल तर ॲम्पखाली फोमचा जाड तुकडा घाल. दोन कॅब असतील तर शेजारी शेजारी न ठेवता एकावर एक उभी रच. वरचा स्पीकर कानाजवळ येतो आणि बँडमधल्या बाकीच्यांनाही बाजूला उभं राहून नीट ऐकू येतं.

तुझ्या तिसऱ्या मित्राचं आठ मीटरचं गणित कुठून आलं तेही सांगते. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. त्याला 41ने भागलं की सव्वाआठ मीटरच्या आसपास लांबीची लाट मिळते. गणित बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. ऐकू यायला लाट पूर्ण ‘तयार’ व्हावी लागत असती तर हेडफोनमध्ये बेस कधीच ऐकू आला नसता. लांब गेल्यावर फरक पडतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे तुझा कान स्पीकरच्या झोतात येतो. दुसरं, भिंतींवरून परतलेल्या लाटा काही ठिकाणी एकमेकींना वाढवतात आणि काही ठिकाणी खाऊन टाकतात. म्हणूनच एका जागी ‘ए’ हा सूर जोरात वाजतो आणि दोन पावलं सरकलं की तोच गायब होतो. साउंड चेकला लांब केबल लावून थोडं फिरून बघ, आपल्या उभं राहण्याच्या जागेवर कोणता सूर फुगतो ते कळून घे. पण आठ मीटर मागे जाऊन गिग वाजवायचा नाही.

वॉटबद्दल. आपल्यात या आकड्याइतकी चर्चा कशावरच होत नाही आणि गैरसमजही इतका कशाबद्दल नसेल. वॉट दुप्पट केले की आवाज 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, त्यासाठी वॉट दहापट हवेत. तुझ्या 25 वॉटवरून 500वर गेलास तर शक्ती वीसपट झाली, पण त्याच स्पीकरवर आवाज कानाला अडीचपटच वाटेल. तेही तो स्पीकर जळला नाही तर. प्रत्यक्षात मोठ्या ॲम्पचा फरक याहून मोठा जाणवतो तो स्पीकरमुळे. जास्त हवा हलवणारा, जास्त संवेदनशील कॅब असेल तर तेवढ्याच वॉटमध्ये तो कितीतरी पुढे जातो. कॅबच्या माहितीत एका वॉटला एका मीटरवर किती डेसिबल हा आकडा दिलेला असतो. तो 3ने जास्त असणं म्हणजे हेडचे वॉट फुकटात दुप्पट होणं.

मग बेसला इतके वॉट लागतातच कशाला, गिटारवाला तर 30मध्ये भागवतो, असं तुझ्या बँडमध्ये कुणीतरी म्हणेलच. त्याला सांग, की सूर एक सप्तक खाली गेला तर तेवढ्याच आवाजासाठी स्पीकरच्या कोनाला, म्हणजे त्याच्या हलणाऱ्या शंकूला, चौपट हलावं लागतं. शिवाय कान खर्जात मंद. आणि गिटारच्या ॲम्पचा आवाज फाटला तर तो गोड लागतो, त्यासाठीच लोक तो घेतात. आपल्याला बहुतेक वेळा स्वच्छ आवाज हवा असतो, आणि बोटाचा पहिला आघात क्षणभर सरासरीच्या कितीतरी पट शक्ती मागतो. ती राखीव ठेवायला वॉट लागतात.

ड्रमर, दोन गिटार आणि तू, एवढ्या बँडसाठी माझं मत विचारशील तर 300 ते 500 वॉट आणि दोन 10 इंची, किंवा दोन 12 इंची स्पीकर. त्याच्या खाली गेलास तर प्रत्येक गिगला धाकधूक, वर गेलास तर पाठ आणि जिने. पाठीचं मी गांभीर्याने म्हणते आहे. 1969 मध्ये अँपेग कंपनीने एसव्हीटी हा बेस ॲम्प आणला तेव्हा व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या ॲम्पचे, 300 वॉट आणि आठ 10 इंची स्पीकरचं कॅब ही मोठ्या स्टेजची गरज होती. तो आवाज अजूनही ऐकला की अंगावर येतो, चांगल्या अर्थाने. पण एकट्या हेडचं वजन 38 किलोंच्या आसपास, आणि कॅब त्याहून किती तरी जड, दोघांनी उचलायचं. माझ्या ओळखीच्या एका बेसवाल्याने असं कॅब दहा वर्षं जपलं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका गिगनंतर कमरेचं दुखणं घेऊन विकलं. विकताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आज क्लास डी प्रकारचं हेड 500 वॉटचं असूनही दोन-तीन किलोंत येतं. ट्रेस इलियटचं एल्फ तर 200 वॉट देतं आणि एक किलोही भरत नाही. निओडिमियम चुंबकामुळे स्पीकरही हलके झाले. फेंडरचा रंबल 500 हा दोन 10 इंची स्पीकरचा कॉम्बो, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात, साडेसोळा किलोंच्या आसपास आहे, एका हाताने गाडीतून काढता येतो. व्हॉल्व्हचा जो ऊबदार फाटलेपणा आहे तो मला फार प्रिय आहे, पण तुझ्या तिसऱ्या गिगचा तो प्रश्न नाही.

घेताना आकडा किती ओमवरचा, म्हणजे स्पीकरच्या किती विद्युतरोधावरचा, आहे ते मात्र बघ. 500 वॉट असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं ते बहुधा 4 ओमवरचं. त्याच रंबलमधून आतल्या स्पीकरवर, म्हणजे 8 ओमवर, 350 वॉट निघतात. बाहेरून आणखी एक 8 ओमचं कॅब जोडलं की दोन्ही मिळून 4 ओम होतात आणि मग 500 मिळतात. यात फसवणूक काही नाही, पण माहीत असलेलं बरं. 8 आणि 8 मिळून 4. त्यात तिसरं 8चं जोडलं तर अडीचच्या थोडं वर. हेडवर ‘किमान 4 ओम’ असं लिहिलं असेल तर ते तिसरं कॅब लावायचं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. आणि व्हॉल्व्हचं हेड हाताशी आलं तर ते स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करायचं नाही, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

केबलबद्दल माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती तू पुढच्याच गिगला करू शकतोस. हेड आणि कॅब मी पहिल्यांदा वेगवेगळं नेलं तेव्हा त्या दोघांना जोडणारी स्पीकर केबल घरीच राहिली. गिटारवाल्याकडून त्याची जादा केबल घेतली. जॅक तोच, बसला, वाजलाही. पाचव्या गाण्यात आवाज चिरका झाला, मग खाऽऽर्र असा आणि मग काहीच नाही. मागे वाकून केबलला हात लावला तर जॅकपाशी चटका बसला. गिटारची केबल आतून केसाएवढ्या बारीक तारेची असते, ती लहानशा सिग्नलसाठी केलेली. स्पीकरकडे जाणारा प्रवाह तिला सोसत नाही. माझं हेड ट्रान्झिस्टरचं होतं, त्याने स्वतःला बंद करून घेतलं म्हणून वाचलं. तेव्हापासून स्पीकर केबलवर लाल चिकटपट्टी आणि ती हेडच्याच पिशवीत. हेड-कॅबला स्पीकॉन नावाचा स्पीकरसाठीचा जोड असेल तर तोच वापर, त्याचा जॅक गिटारच्या केबलशी जुळतच नाही, त्यामुळे चूक होत नाही.

आता दुसरा मित्र, ‘ॲम्पच नको’ म्हणणारा. त्याचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नकोस. थेट कन्सोलमध्ये, म्हणजे मिक्सरमध्ये, बेस लावणं ही काही आजची टूम नाही. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमर्सन या वादकाचा बेस अनेकदा थेट कन्सोलमध्येच जायचा, आणि बेस कसा बोलतो हे आपल्यापैकी कित्येकांनी त्याच्याकडून शिकलं. चांगलं पीए (लोकांसाठीची मोठी ध्वनियंत्रणा) आणि चांगले मॉनिटर (वादकांकडे वळवलेले स्पीकर) असतील तर नुसत्या डीआयवर उत्तम गिग होतो. पण ‘असतील तर’ हे फार मोठं आहे. छोट्या जागी पीएमधून फक्त गाणं जातं, बेस आणि किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, जातच नाहीत. तिथे तुझा ॲम्प हाच संपूर्ण सभागृहाचा बेस. आणि मॉनिटर दुसऱ्याच्या हातात असतो. ज्या दिवशी तो हात घाईत असेल त्या दिवशी तू पुन्हा पहिल्या गिगला पोचतोस.

माझी पद्धत अशी आहे, तुला पटली तर घे. पीएमध्ये बेस जाणार असेल तर लोकांसाठी पीए आणि माझ्यासाठी ॲम्प. ॲम्पमधून डीआय देताना मागचं बटण ‘प्री’वर ठेवायचं, म्हणजे स्टेजवर मी बेस कापला, मिड चढवला तरी बाहेर जाणारा आवाज बदलत नाही. मग मी ॲम्पवरचा खर्ज निर्धास्तपणे कमी करते. सभागृहाला तो पीएचे मोठे स्पीकर देतात, आणि तेच ते काम चांगलं करतात. घरघर आली तर ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघायचं. साउंड चेकच्या आधी साउंडवाल्या दादांना जाऊन एवढंच सांग, की मी ॲम्प फक्त मला ऐकण्यापुरता ठेवणार आहे, खर्ज तुम्ही बाहेरून द्या. दुसऱ्या गिगला ज्यांनी तुला दोनदा टोकलं तेच तुझा मॉनिटर सर्वांत आधी लावून देतील, बघ. हे मी अनुभवाने सांगते. त्या एका वाक्याने दोघांचं अर्धं काम होतं.

पीएमध्ये बेस जाणारच नसेल तर गणित उलटं. तेव्हा खर्ज ॲम्पनेच द्यायचा, पण तेव्हाही तो बँडचा आवाज सभागृहाच्या मध्यावरून ऐकून ठरव. कुणाला तरी बेस हातात देऊन तू समोर जाऊन ऐक. हाय पास फिल्टरची सोय असेल तर 35 ते 40 हर्ट्झच्या खालचं कापून टाक. तिथे संगीत फारसं नसतं, पण स्पीकरचा कोन मात्र त्यासाठी उगाच लांब लांब हलत राहतो, आणि हवेसाठी भोक ठेवलेल्या कॅबमध्ये तर तो ताब्याबाहेर जातो.

बँडमधल्या बाकीच्यांशी बोलावं लागेल, आणि हे ॲम्प घेण्यापेक्षा अवघड आहे. गिटारवालेही घरी एकटेच वाजवतात, त्यांनाही भरदार आवाज आवडतो, आणि त्यांचा बेसचा नॉब नेमका तुझ्या 100-200 हर्ट्झमध्ये घुसतो. दोघांनी तो थोडा खाली घेतला तर तू काहीही न करता वर येतोस. कीबोर्ड असेल तर डाव्या हाताला विनंती कर, तो हात आणि तू एकाच खोलीत राहू शकत नाही. ड्रमरबरोबर बसून किक आणि बेस नुसते दोघेच दहा मिनिटं वाजवा. तालीम करताना गोल करून उभे राहा, सगळे ॲम्प एकमेकांच्या कानाकडे वळवा. आवाज कमी करूनही सगळे ऐकू येतात, हे एकदा सगळ्यांना कळलं की चढाओढ थांबते.

आणि आता बोटं, कारण तू त्यांचं नाव काढलंस. ऐकू येत नाही म्हटल्यावर आपण काय करतो? जोरात मारतो. तार फ्रेटवर आपटते, सूर सुरुवातीला किंचित चढतो, आघात मोठा होतो पण त्यामागचा सूर लवकर मरतो. मग आणखी जोर. तिसऱ्या गाण्यापर्यंत मनगट दगडासारखं. तुझ्या हातांना हे आठवतंय का बघ. उपाय उलटा आहे. ॲम्पचा गेन, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलचा नॉब, थोडा वाढव, क्लिपचा (सिग्नल फाटू लागल्याचा) दिवा सगळ्यात जोराच्या सुरालाच क्षणभर चमकेल इतका, मास्टर व्हॉल्यूमने हवा तेवढा आवाज घे, आणि हात हलका ठेव. हलक्या हाताने वाजवलेल्या सुराला लांबी मिळते, आणि जोर द्यायची जागा शिल्लक राहते. नवीन ॲम्पचे वॉट खरे कामाला येतात ते यासाठी.

घरचा छोटा ॲम्प विकू नकोस. त्याच्यावर तुझा हात घडला आहे, त्याच्यावरच पुढेही घडेल. फक्त त्याला जमिनीवरून उचल आणि टेबलावर, कानाच्या उंचीला ठेव. खाली ठेवलेल्या ॲम्पचा खर्ज फरशीतून आणि भिंतीतून शेजाऱ्यांकडे आधी पोचतो आणि तुझ्याकडे नंतर. मग नॉब सगळे मध्यावर आण आणि बेस जिथे आहे तिथून खाली. पहिले तीन-चार दिवस आवाज उघडा वाटेल, प्रत्येक चूक ऐकू येईल, डाव्या हाताचा घासण्याचा आवाज ऐकू येईल. त्याच आवाजात, एकट्याने नाही, ड्रमच्या ट्रॅकबरोबर वाजव. ट्रॅक ॲम्पच्या ऑक्स (बाहेरच्या आवाजासाठीच्या) इनपुटमध्ये लाव आणि बेसपेक्षा जरा मोठा ठेव. आठवड्याभराने तुझा कान मिडमध्ये सूर शोधायला शिकलेला असेल. रात्री हेडफोन लाव. स्टेजचा आवाज हेडफोनमध्ये शोधू नकोस, तिथे फक्त बोटांकडे लक्ष दे.

महिन्याभरात गिग आहे, तेव्हा नवीन काही घाईने घेऊ नकोस. मित्राचं तेच हेड आणि कॅब पुन्हा माग. एक दिवस आधी माग आणि तालमीला आण. पेटीवर ठेव, नॉब मध्यावर, बेस किंचित खाली, मिड वर, डीआय प्रीवर, स्पीकरची केबल पिशवीत. गिग झाला की मला लिही, आणि नेमकं लिही: कोणता सूर फुगला, कोणता हरवला, तू कुठे उभा होतास. ॲम्प कोणता घ्यायचा ते आपण त्यावरून ठरवू.

तुझी,
ताई

ता. क. कानांत प्लग घाल. संगीतकारांसाठीचे मिळतात, ते सगळा आवाज सारख्या प्रमाणात कमी करतात, नुसती ट्रेबल खात नाहीत. 85 डेसिबलमध्ये आठ तास ही कानांसाठी सुरक्षित मर्यादा मानतात, आणि दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात. ड्रमरच्या क्रॅश झांजेशेजारी उभा राहणार असशील तर ती पंधरा मिनिटं तिसऱ्या-चौथ्या गाण्यातच संपतील. माझ्या डाव्या कानात रात्री शांततेत एक बारीक शिट्टी वाजते. ती माझ्या त्या पहिल्या दोन वर्षांतली आहे.